नांग्या भरलेलं रान आणि रणपिसे मॅडम

डॉ. सुगंधा रणपिसे यांची आणि माझी ओळख झाली ती वादावादीतून. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बारामतीला शेतकी कॉलेजात शिकत होते. वनशेतीच्या पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर दोन टिंबं काढली, मध्ये ‘तीन मीटर’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, ‘दोन झाडांत एवढी जागा मोकळी सोडायची.’ मी निरवांगीची, इंदापूर तालुक्यातली. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या घरात वाढलेली. आमच्याकडे रानात वीतभर जागा रिकामी दिसली तरी घरच्या माणसांना चैन पडत नाही. मी तडक उभी राहिले. ‘मॅडम, एवढं रान मोकळं सोडलं तर गाव आम्हाला वेड्यात काढेल!’

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. ‘ऊस किती दिवसांनी तोडता?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर्ष, फार तर दीड वर्ष. ‘झाडाला सहा-सात वर्षं त्याच जागी जेवायचं असतं. मांडीला मांडी लावून लग्नाच्या पंगतीत एक वेळ जेवता येतं गं, रोज नाही जमत.’ मी खाली बसले, पण मला काही पटलं नव्हतं. खरं तर रागच आला होता. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं तेव्हा वाटलं, आता आपली चांगली खरडपट्टी निघणार. तर त्या विचारतात काय, ‘तुमच्याकडे पाणी साचून, मीठ फुटून चोपण झालेलं रान आहे का? तिथं मला तुझ्याशी हाच वाद पुढे घालायचा आहे.’

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाविषयी लिहायला विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. मी लोणी भापकरला रोपवाटिका चालवणारी बाई. मला एका रानाची गोष्ट सांगता येते, तीच सांगते. मॅडम म्हणजे काय चीज आहे, हे त्यातून आपोआप कळेल.

मॅडम मूळच्या बारामती तालुक्यातल्या सांगवीच्या. वडील प्राथमिक शिक्षक. छप्पननंतर घराने बौद्ध धम्म स्वीकारला, आणि वडिलांनी मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्यांना शिकवलं. मॅडम शिकत शिकत पार उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचल्या. तिथं शेतकरी पॉप्लर नावाचं झाड लावतात, काड्यापेटीसाठी आणि प्लायवूडसाठी. ही झाडं किती अंतरावर लावावीत, आणि एकाच वाणाची लावावीत की दोन-चार वाण मिसळावेत, यावर मॅडमनी पीएच.डी. केली. वाण म्हणजे काय, ते ऊसवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. जसं आपलं उसाचं बेणं, एकाच्या कांड्या लावल्या की सगळं रान त्याच्याचसारखं, तसंच त्या झाडाचं. मॅडम तिथून शिकून आल्या त्या दोन गोष्टी. दाट लावलं की रान भरलेलं दिसतं, लाकूडही एकूण पुष्कळ निघतं, पण एकेक झाड काठीसारखं राहतं. विरळ लावलं की झाड अंग धरतं. आणि वाण एकमेकांत कालवले की जोमदार वाण शेजाऱ्याचं ऊन खातो. म्हणून मिसळायचेच तर प्रत्येकाला वेगळा तुकडा द्यायचा. एकाला रोग लागला तर बाकीचे वाचतात, आणि कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही.

परत आल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं पॉप्लरची रोपं आणून कॉलेजच्या रानात लावली. चैत्र लागला आणि रोपं करपून गेली. दुसरं कुणी असतं तर हे गिळून टाकलं असतं. मॅडम मात्र दरवर्षी नव्या वर्गाला ते स्वतःहून सांगायच्या. ‘त्या झाडाला थंडी लागते. बारामतीत ती मी कुठून आणू? झाडाचं सगळं शिकून आले आणि गावाचं विसरले.’ मग त्या कलमी निलगिरीकडे वळल्या. निलगिरी पाणी पिते म्हणून तिला शिव्या देणारे तेव्हाही होते. मॅडमचं उत्तर सरळ होतं, ‘जिथं पाणी नको झालंय तिथंच मी ती लावते. उद्या लोणी भापकरच्या जिरायतात लावायला आले तर मला गावाबाहेर हाकला.’ माझ्या रोपवाटिकेत आजही निलगिरी मिळत नाही, ती त्यामुळे.

आणि पाणी नको झालेलं रान आमच्याकडे होतं. आमचे वडील, म्हणजे तात्या, आणि त्यांचे धाकटे भाऊ अण्णा यांचं सामाईक. कालवा आला, ऊस आला, पाणी दे पाणी दे करून खालचं रान असं चोपण झालं की वर पांढरं मीठ आणि खाली चिखल. ऊस पिवळा पडायचा. शेवटी तर गवतही नीट येईना. अण्णांनी वीटभट्टीवाल्याशी बोलणं लावलं होतं. वरची माती तो खणून नेणार होता. आमच्या भागात असं रान एकदा खणलं की ते रान उरत नाही, खड्डा उरतो. हे तात्यांना माहीत होतं. ते आजोबांनी बैलांच्या पाठी जाऊन सपाट केलेलं रान होतं, आणि तात्यांच्या घशाखाली घास उतरेनासा झाला होता. मी मॅडमचं नाव काढलं तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘घेऊन ये बाईस्नी.’

मॅडम पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आल्या तेव्हा त्यांचा चहा बाहेर ओट्यावर आला, आणि तोही निराळ्या कपात. मी शरमेनं मेले. मॅडमनी कप पाहिला, चहा प्यायल्या, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि तात्यांना म्हणाल्या, ‘चला, रान दाखवा.’ परतताना गाडीत मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, ‘तुझ्या घरच्यांना वेळ लागेल. मला घाई नाही. रानाला मात्र घाई आहे, त्याचं बोल.’

निलगिरीनं पाणी ओढून रान वाळवायचं, असं मॅडमनी सुचवलं आणि दोघा भावांत ठरलं. अण्णा म्हणाले, ‘तीन पावसाळं बघीन. न्हाय जमलं तर भट्टीवाल्याला हाक मारीन, मग कुणी मधी बोलायचं न्हाय.’ तात्यांनी मान डोलावली. पावसाच्या तोंडावर मॅडम रोपं घेऊन आल्या. तीन वाण, तिघांचे तीन तुकडे, गाठी मारलेल्या दोरीनं मापून तीन-तीन मीटरवर खड्डे. एक पट्टा त्यांनी मुद्दाम झाडांविना ठेवला, पुढं तुलना करायला. गुडघ्याइतका खड्डा घेतला की तळाशी पाणी पाझरत होतं. लावणी झाली. उरलेली रोपं तात्यांच्या ताब्यात दिली, मेलेल्या रोपांच्या जागी लावायला म्हणून, आणि मॅडम बारामतीला गेल्या.

पुढं जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. उसात बेणं उगवलं नाही की मोकळी जागा राहते, तिला नांगी म्हणतात. नांग्या भरणं हा ऊसवाल्याचा धर्म. ज्याच्या उसात नांग्या, तो आळशी, मग त्याच्या दारात पाहुणेही जपून येतात! तात्या रोज सकाळी त्या रानाच्या बांधावर उभे राहायचे आणि त्यांना दोन झाडांत तीन मीटरची नांगी दिसायची. किती दिवस सहन करणार? हातात रोपं होती, वर पाऊस होता. त्यांनी खुशाल नांग्या भरल्या. कुठला वाण कुठला, काही पाहिलं नाही. रोपं संपली तशी बारामतीहून स्वतः जाऊन मॅडमच्या रोपवाटिकेतून आणखी आणली, ‘बाईंच्याच रानाला पायजेत’ असं सांगून!

मॅडम आल्या आणि बांधावर नुसत्या उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांची त्यांची तयारी त्या रानात होती. तात्या मात्र खुशीत. ‘बाई, बघा कसं रान भरलंय!’

‘तात्या, हे कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘सांगाया कशाला पायजे? नांग्या व्हत्या, भरल्या.’

मॅडम बांधावर बसल्या. पाणी मागितलं. तांब्याभर पाणी प्यायल्या आणि हसायला लागल्या, अशा की डोळ्यांतून पाणी. मग तात्यांना म्हणाल्या, ‘मी तुम्हाला अंतर सांगितलं, पण ते कशासाठी, हे सांगितलंच नाही. चूक माझी आहे.’ आणि तिथंच बसून त्यांनी तात्यांना सगळं समजावलं, ऊस आणि झाड यांतला फरक, वाण कालवले तर काय होतं ते. तात्या ऐकून घेत होते, पण जगलेलं रोप उपटायला काही ते तयार होईनात. ‘पाप लागंल बाई.’ शेवटी तडजोड झाली. अर्ध्या रानातली जादा रोपं मुळाच्या मातीसकट काढून बांधावर लावली. उरलेलं अर्धं तात्यांच्या मनासारखं, दाट आणि तिन्ही वाण कालवलेलं, तसंच ठेवलं.

बारामतीला वरिष्ठांनी हा प्रयोग बंद करून टाका असं सुचवलं. रानात मापच राहिलं नाही, आता काय सिद्ध करणार? मॅडम म्हणाल्या, ‘शेतकरी मोकळी जागा पाहून काय करतो, हे सिद्ध झालंय की. आता त्याचं पुढं काय होतं ते बघते.’ आपल्याकडे विद्वान माणसाचं डोकं असं चालत नाही हो. फसलं की ते कुणाच्या तरी गळ्यात मारायचं, हीच रीत. मॅडमनी ते आपल्या गळ्यात घेतलं आणि कामाला लागल्या.

पहिली दोन वर्षं तात्यांची होती, हे मान्य केलंच पाहिजे. दाट बाजू भराभर उंच गेली. जमिनीवर सावली धरली. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, ‘तात्या, रान झकास हाय.’ अण्णा तर मॅडमच्या तोंडावर म्हणाले, ‘बाई, तुमच्या बाजूला झाडापरीस वारंच जास्त हाय.’ मॅडम म्हणायच्या, ‘थांबा अण्णा.’ दर खेपेला येऊन त्या झाडांचे घेर मापायच्या, आईच्या हातची भाकरी-ठेचा खायच्या आणि जायच्या.

तिसऱ्या वर्षी पारडं फिरलं. दाट बाजूला जोमदार वाण वर निघून गेला आणि बाकीचे दोन त्याच्याखाली ऊन शोधत वाकडे झाले. एकाचंही खोड मनगटापेक्षा जाड नव्हतं. वैशाखात वळवाचं वारं सुटलं आणि ती बाजू आडवी-तिडवी झाली. विरळ बाजूची झाडं दोन्ही हातांच्या पंजांत मावत नव्हती, ती जागची हलली नाहीत. मॅडम म्हणाल्या, दाट बाजूतली निम्मी-अधिक झाडं काढावी लागतील, तरच उरलेली जगतील. तात्या म्हणाले, ‘माझ्या हातनं व्हायचं न्हाय.’ आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले.

तेव्हा मॅडम स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आईला विचारलं, ‘वहिनी, ज्वारीची विरळणी कोण करतं?’

‘आमी बायकाच की. गड्यांस्नी कुठं जमतंय?’

‘मग चला. ही विरळणीच आहे. झाडं तेवढी मोठी आहेत.’

आई पदर खोचून निघाली. वस्तीवरच्या चार बायकांना हाका मारल्या. सगळ्या मिळून चुन्यानं खुणा करत गेल्या, हे ठेव, हे काढ, हे वाकडं, हे सोड म्हणत. माणसांनी आठ दिवस घातले असते ते काम दुपारपर्यंत झालं. झाडाखाली सगळ्या भाकरी खायला बसल्या तेव्हा आईनं आपल्याच ताटात मॅडमसाठी कालवण वाढलं आणि ‘घ्या की, निवंल’ म्हणाली. दोघी एका ताटात जेवल्या. त्यानंतर आमच्या घरात मॅडमचा कप निराळा राहिला नाही. कुऱ्हाड पहिल्यांदा कुणी चालवायची यावर घोळ सुरू झाला तेव्हा तात्याच घरातून आले. कुऱ्हाड घेतली आणि खुणेच्या पहिल्या झाडावर मारली.

पण विरळणी झालेलं रान दिसायला भकास दिसतं. अण्णांचा संयम संपला. चौथ्या पावसाळ्याच्या तोंडावर ते भट्टीवाल्याला घेऊनच आले, मागं ट्रॅक्टर. ‘बाई, तुमचा खेळ लई झाला. झाडंबी गेली आन् रानबी गेलं. आता मधी पडू नगा.’ तात्या खाली मान घालून उभे. शब्द दिलेला होता. मला रडू येत होतं. आता हे रान गेलंच, असं मी धरून चालले होते.

मॅडम म्हणाल्या, ‘अण्णा, रान तुमचं आहे, मी कोण मध्ये पडणार? तुम्हाला माती खणायचीच आहे ना? मग आधी तीन खड्डे माझ्यासाठी खणा.’

अण्णा हट्टाला पेटलेले. स्वतः कुदळ घेतली. पहिला खड्डा मॅडमनी झाडांविना ठेवलेल्या पट्ट्यात घ्यायला लावला. गुडघ्याइतकं खणलं आणि पाणी लागलं. ‘बघा!’ अण्णा म्हणाले. ‘बघितलं,’ मॅडम म्हणाल्या, ‘आता इकडं या.’ दुसरा खड्डा विरळ झाडांत. गुडघा झाला, मांडी झाली, अण्णा कंबरेपर्यंत आत गेले. माती ओलसर होती, पण पाणी नव्हतं. भट्टीवाला वाकून बघायला लागला. तिसरा खड्डा दाट बाजूला. तिथं अण्णा छातीपर्यंत उतरले. त्यांनी खालची मूठभर माती घेऊन दाबली, पाहिली, पुन्हा दाबली. त्यातून पाणी निघेना.

खड्ड्यातून अण्णा वर बघत म्हणाले, ‘तात्या, पाणी गेलं की रं.’

मॅडमच्या जागी मी असते ना, तर त्या क्षणी अण्णांना काय काय ऐकवलं असतं! मॅडम तात्यांकडे वळल्या. ‘तात्या, पाणी उपसण्यात तुमची दाट बाजू माझ्यापुढं गेली. लाकडात मागं पडली. दोन्ही खरं आहे आणि मी दोन्ही लिहिणार आहे.’ त्यांनी तसं लिहिलंही. स्वतःचं म्हणणं निम्मं खोडून काढणारी गोष्ट त्यांनी चार विद्वानांसमोर उभं राहून सांगितली, आणि त्यात तात्यांचं नाव आदरानं घेतलं. तात्या पुढं मरेपर्यंत प्रत्येक लग्नकार्यात हे सांगत फिरले, की बाईंच्या अभ्यासात माझ्या नांग्या हायेत म्हणून. ट्रॅक्टर त्या दिवशी रिकामा परत गेला.

मॅडमच्या उपकारांची यादी करायला बसले तर त्या स्वतःच मला रागावतील. एकच सांगते. माझं लग्न ठरलं तेव्हा शेवटची परीक्षा बाकी होती आणि सासरची मंडळी ‘आता शिकून काय करायचंय’ म्हणत होती. मॅडम एसटीनं लोणी भापकरला गेल्या, माझ्या सासऱ्यांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘आबा, तुमच्या दुष्काळी गावात झाडांचं शिकलेली सून येतेय आणि तुम्ही तिला अर्धवट शिकलेली घेणार?’ आबांनी ताबडतोब परीक्षेला होकार दिला, वर मॅडमना हुरड्याचं आवतणही दिलं. माझी रोपवाटिका आज उभी आहे ती त्या एका वाक्यावर. मी हे कधी त्यांच्या तोंडावर म्हणू शकले नाही, म्हणून इथं लिहिते: मॅडम, तुम्ही नसतात तर मी कुणीच झाले नसते.

आमच्या खालच्या रानातली झाडं पुढं वयात आल्यावर निघाली. घराच्या वाशांना गेली, गोठ्याला गेली. मॅडमनी चर काढायला लावले, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडायला लावला, दोन पावसाळे मीठ धुऊन जाऊ दिलं. मग तात्यांनी त्या रानात गहू केला. ऊस पुन्हा करायचा नाही, हे मॅडमनी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. पहिल्या गव्हाचं पोतं तात्या स्वतः सांगवीला मॅडमच्या घरी पोहोचवून आले.

या लेखासाठी म्हणून परवा मी निरवांगीला गेले होते. तात्या आता नाहीत. अण्णा आहेत, नव्वदीला टेकलेत, दिसतं कमी, पण बांधावर जाऊन बसल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. मी शेजारी बसले आणि विचारलं, ‘अण्णा, रणपिसे मॅडमना पंचाहत्तर वर्षं झाली. पुस्तक निघतंय. दीर्घायुष्य लाभो, प्रकृती चांगली राहो, असं सगळेच लिहिणार. तुमच्याकडून काय लिहू?’

अण्णांनी रानाकडे तोंड वळवलं. कडेनं सगळीकडे भट्टीवाल्यांनी खणलेल्या रानांचे खड्डे आहेत, त्यांत हिरवं पाणी साठलंय. मध्ये आमचा गहू उभा होता.

‘लिही,’ ते म्हणाले, ‘आमचं रान हाय अजून जाग्यावर. मी घालवाया निघालो व्हतो, बाईंनी ठिवलं.’ मग चाचपडत माझा हात धरला. ‘आन् त्यास्नी म्हणावं, आता तुमीबी ऱ्हावा. लई वरसं ऱ्हावा. हितं या, बांधावर बसा. मी बी थांबतो तवर.’